आम्ही गॅलरी मोकळी केली

लतिका पडली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मग मध्येच कोणी "अहो, पण तुम्ही चांगल्यासाठीच केलंत ना" असं म्हणायला नको. चांगल्यासाठीच केलं. ते वाक्य ऐकून माझे कान किटलेत.

मी दमयंती खवणेकर. करी रोडचा पूल उतरून लालबागकडे चालत आलात की दोन टॉवरच्या मधे अंग चोरून उभी असलेली ती आमची नरोत्तम चाळ. दुसऱ्या मजल्यावर वीस नंबर माझा, आणि एकवीस, म्हणजे गॅलरीच्या अगदी टोकाची खोली, लतिका तेंडोलकरची. चौतीस वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. तिच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला कळायचं आणि माझ्या घरी भांडण कशावरून पेटलं ते तिला. ती कधी विचारायला यायची नाही. मी मात्र जायचे.

लतिका फोर्टला एका विमा कंपनीत होती, आवक-जावक विभागात. एकतीस वर्षं लोकांची पत्रं लावली. त्यामुळे अख्ख्या मुंबईचे पिनकोड तिला पाठ. चाळीतली एखादी मुलगी लग्न होऊन गेली की बाकीच्या बायका सासू कशी आहे ते विचारायच्या, ही पिनकोड विचारायची आणि म्हणायची, "म्हणजे शीवला, किल्ल्याच्या बाजूला." बरोबर असायचं. साडीची पिन कधी वाकडी नाही, दारातल्या चपला कधी इकडच्या तिकडे नाहीत. बोलणं हळू आणि स्वच्छ. मी बोलते ते खाली वाण्याला ऐकू जातं. ती एकदा बोलायची, तुम्हाला ऐकू आलं नाही तर तो तुमचा प्रश्न. शिष्ट होती म्हणा ना. मी तिला तोंडावर म्हणायचे, "गो, तुझ्या नाकावर बसायचं तर माशीलापण अर्ज करावा लागत असेल." तेव्हा मात्र हसायची.

तिला काचबिंदू झाला. मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून मोकळी झाली असती. ह्या मेल्या काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, एवढंच. आणि हिने दोन वर्षं कोणाला पत्ताच लागू दिला नाही. चहा कपाच्या बाहेर ओतला की म्हणायची, लक्ष नव्हतं. चौकटीला खांदा आपटला की म्हणायची, चौकटच अरुंद आहे. चौतीस वर्षं नव्हती ती अरुंद! शेवटी मीच हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेली. तोवर कडेचं सगळं गेलं होतं, मधलं जेमतेम उरलं होतं. थेंब घातले, ऑपरेशन झालं, पण गेल्या दिवाळीपर्यंत तेही गेलं. खिडकीत उजेड आहे की नाही, तेवढं सांगायची.

नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा एकच, शंतनु. तो खारघरला राहतो, तो आणि सून दोघं नोकरी करतात. शंतनु वाईट नाही, हे मला नीट सांगायचंय. माझ्या हातची सोलकढी पिऊन मोठा झालेला पोरगा आहे तो. रोज फोन, महिन्यातून दोनदा फेरी. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

एप्रिलमध्ये लतिकाने उकळत्या चहाचं पातेलं हातावर ओढून घेतलं. मला हाक मारली नाही. नळाखाली हात धरून उभी राहिली. इतका वेळ नळ का वाहतोय म्हणून मी गेले तेव्हा कळलं. शंतनूला फोन मीच केला. तो आला, आईच्या हाताची पट्टी बघितली आणि म्हणाला, "आई, बस झालं. आता खारघरला चल."

"तिथे येऊन मी काय करू?"

"काही करू नकोस. आराम कर. दिवसभर एक बाई ठेवू तुझ्याजवळ."

"मला सांभाळायला."

"हो, सांभाळायला. त्यात वाईट काय आहे?"

लतिका म्हणाली, "वाईट काही नाही रे. पण तिथे मला मोरीची वाटसुद्धा कोणाला तरी विचारावी लागेल. इथे मी अजून कोणाला काही विचारत नाही."

खूप वेळ वाद झाला. शेवटी शंतनु म्हणाला, तीन महिने देतो. तीन महिन्यांत तू एकटी जिना उतरून, नाक्यावरच्या दुकानातून काहीतरी घेऊन, एकटी वर आलीस, कोणाचा हात न धरता, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर तू माझ्याबरोबर यायचं. लतिकाने शब्द दिला. ऑगस्टचा पहिला रविवार ठरला. मी दारातच उभी होते. ही बाई शब्द मोडणारी नव्हे, हे मला माहीत होतं.

मग दादरच्या एका संस्थेतून चैत्राली नावाची मुलगी यायला लागली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. पंचवीस-सव्वीसची, दिसायला नाजूक, पण शिकवायला लागली की कडक. तिने पांढरी काठी आणली आणि काठीच्या मुठीला बसवायची एक डबी. डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढी. तिच्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो म्हणे, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि मग मूठ बोटांखाली थरथरते. वस्तू लांब असली की सावकाश, जवळ आली की भराभर. मोबाइलसारखी रात्रभर चार्जिंगला लावायची. लतिकाने पहिल्या दिवशी ती डबी हातात घेऊन सगळीकडून चाचपली आणि विचारलं, "ही बंद पडली तर?"

"तर काठी आहेच," चैत्राली म्हणाली. "काकू, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डबी गुडघ्याच्या वरचंच सांगते. खड्डा, उतरती पायरी, ते तिला कळत नाही. ते काठीच्या टोकाला विचारायचं. टोक कायम जमिनीवर."

मला राहवेना. मी म्हटलं, मला बघू दे. चैत्रालीने माझ्याच ओढणीने माझे डोळे बांधले आणि काठी हातात दिली. ज्या गॅलरीत मी चौतीस वर्षं तुरुतुरु चालते तिथे मी चार पावलं गेले असेन. डबी थरथरली. मी किंचाळले. ओढणी सोडून बघते तर काय, माझंच चपलांचं कपाट! अख्खा मजला हसला, लतिकापण हसली. मी कानाला खडा लावला. पण त्या चार पावलांतून मी एक धडा घेतला तो घेतलाच. थरथरलं म्हणजे धोका. त्यानंतर तीन महिने ती गॅलरीतून जायला लागली की मी दारात श्वास रोखून उभी, आणि प्रत्येक वस्तूपाशी मनात म्हणायचे, आपटली गो बाय, आता आपटली.

ती आपटत नव्हती. मे महिना गॅलरीत गेला, जून जिन्यात. आधी चैत्राली पुढे, मग बाजूला, मग मागे दहा पावलांवर. जुलैत खाली गल्लीत. गल्लीत वेगळाच ताप. आपल्या माणसांना आंधळं माणूस दिसलं की मदतीचा झटकाच येतो. एकदा एका गृहस्थाने काही न विचारता तिचं मनगट पकडलं आणि तिला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. तिला पलीकडे जायचंच नव्हतं. "आजी, नीट जा हं," म्हणून तो निघून गेला आणि ही उभी. परत यायला तिला वीस मिनिटं लागली. चैत्राली लांबून बघत होती, मुद्दाम पुढे झाली नाही. मी गॅलरीतून त्या माणसाला जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती एकटी खाली गेली, नाक्यावरून काडेपेटी घेतली, एकटी वर आली. चैत्राली नुसती मागे होती. लतिका थेट माझ्या दाराशी येऊन थांबली. दाराशी म्हणजे अगदी मधोमध. "दमे," म्हणाली, "वाण्याने तेलाचा ब्रँड बदललाय. दुकानात वास वेगळा येतोय." बस, एवढंच. पण तिचा चेहरा! नोकरीत बढती मिळाली होती त्या दिवशीही मी तिला इतकी खूश बघितली नव्हती. मी रडले. तिला दिसत नव्हतं म्हणून पोटभर रडले. तर म्हणते, "नाक ओढू नकोस, मला ऐकू येतं."

एक खोड मात्र तिची गेली नाही. गल्लीत, जिन्यात ती काठीचं टोक जमिनीवर ठेवायची. गॅलरीत उचलून धरायची, छत्री धरतात तशी. चैत्राली ओरडायची. ही म्हणायची, "स्वतःच्या घराबाहेर काय टकटक करत फिरायचं? मला इथलं सगळं माहीत आहे." मला ते ऐकून बरंच वाटायचं. म्हटलं, बाईला सराव झाला.

आणि मग माझ्या डोक्यात ती आयडिया आली.

शनिवारी दुपारी, लतिका झोपलेली असताना, मी मजल्यावरच्या सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावलं. म्हटलं, उद्या आपल्या लतिकाची परीक्षा आहे. शंतनु स्वतः बघणार आहे. त्याच्यासमोर तिची डबी सतत थरथरत राहिली, ती थांबत थांबत गेली, कुठे धक्का लागला, तर तो काय म्हणेल? आपण गॅलरी मोकळी करू. एकही वस्तू ठेवायची नाही. तिने सरळ चालत जायचं, राणीसारखं. आमच्याकडे गणपतीच्या आधी रंग काढतात तेव्हा दर वर्षी सगळं सामान आम्ही गच्चीवर चढवतोच. तास-दीड तासाचं काम. नाहीतरी गणपती पंधरा-वीस दिवसांवर आले होते. सगळ्यांना पटलं. अभय, अठरा नंबरचा, त्याचं लोखंडी कपाट गेली कित्येक वर्षं गॅलरीत. तो म्हणाला, "मावशी, उचलतो." जिन्याजवळच्या कांताचं निळं पिंप मात्र भरलेलं होतं. कांता कुरकुरली, पण मग बादल्या लावून तिनेही ते रिकामं केलं. मी सगळ्यांना बजावलं, लतिकाला आधी कळू द्यायचं नाही. कळलं की म्हणेल, माझ्यासाठी कशाला त्रास. तिचा स्वभावच तो.

रविवारी सकाळी तिची आंघोळ, पूजा चालू होती, रेडिओ लावलेला होता. आम्ही सगळे अनवाणी. कपाट चौघांनी अलगद उचललं. माझं चपलांचं कपाट, पिंप, कुंड्या, दोरीवरचे कपडे, सगळं वर. कोणी खोकलासुद्धा नाही. साडेनऊला गॅलरी अशी लख्ख झाली की मला वाटलं, शंतनूचं त्या गॅलरीतच लग्न लावावं पुन्हा एकदा! कांताने तर फरशी पुसून घेतली. सगळ्यांच्या अंगात उत्साह होता. इतकं प्रेम आमच्या मजल्यावर बऱ्याच दिवसांत एकत्र झालं नव्हतं, खरं सांगते.

अकराला शंतनु आला. एकटाच आला. गॅलरी बघून म्हणाला, "अरे वा, रंग काढताय?" मी हो म्हटलं. मग त्याने आम्हा सगळ्यांना हात जोडले. "दमूकाकू, एक विनंती आहे. आई निघाली की कोणी बोलायचं नाही. इकडे ये, तिकडे वळ, काही सांगायचं नाही. नाहीतर मला कळणार नाही तिला खरंच जमतंय की नाही." बरोबरच होतं त्याचं. मी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. चैत्राली त्या दिवशी नव्हती. रविवार होता, आणि लतिकानेच तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. म्हणाली होती, ती असली तर तिच्यामुळे जमलं असं वाटेल.

लतिका बाहेर आली. नव्या चपला, फिकट जांभळी साडी, खांद्याला कापडी पिशवी. शंतनु तिच्या दारात उभा, आम्ही आपापल्या दारांत. काठी नेहमीसारखी उचललेली. ती निघाली.

माझ्या दारापुढे आली आणि किंचित थांबली. मला वाटलं, मला काही सांगतेय. पण तिचा अंगठा डबीवर फिरत होता. बटण दाबलं, परत दाबलं. मान जराशी तिरकी करून तिने काठी एकदाच जमिनीवर टेकवली. टक्क करून आवाज घुमला. रिकाम्या गॅलरीत जसा घुमतो तसा. तिच्या कपाळावर आठी आली. मागे शंतनु बघतोय हे तिला माहीत होतं. तिने विचारलं नाही. तिने कधी कोणाला विचारलंय? चालू लागली.

अभयच्या दारापुढे पुन्हा तसंच. आता तिची पावलं आखूड झाली होती. डावा हात भिंतीला लागला होता, जो ती कधी लावायची नाही. काय चुकतंय ते मला कळत नव्हतं, पण चुकतंय हे कळत होतं. ओरडावं असं वाटलं. पुढे जिन्याजवळच्या दारात कांता उभी, तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही, बोलायचं नाही. मी ओठ दाबून उभी राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं, आणि तेही नेमकं तेव्हा.

भिंत संपते तिथे डावीकडे जिना उतरतो. तिचा हात भिंतीवरून घसरत घसरत गेला आणि एकदम हवेत गेला. शरीर त्याच्यामागे गेलं. काठीचं टोक जमिनीवर नव्हतं.

नऊ पायऱ्या. लाकडी जिन्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. शंतनु माझ्या अंगावरूनच धावत गेला. ती मधल्या वळणावर पडली होती, एक पाय विचित्र वळलेला. ओरडली नाही. "डबी बंद पडली का रे?" एवढंच विचारलं तिने. डबी तिच्या हातात होती. शंतनूने हात पुढे केला तर थरथरली. चालू होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. परळला इस्पितळात नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

कळल्यावर त्याच रविवारी संध्याकाळी चैत्राली आली, गॅलरीत उभी राहिली आणि तिचा चेहराच उतरला. "इथलं सामान कुठे गेलं?" मी सांगितलं. मग तिने सांगितलं, आणि मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. लतिका त्या वस्तूंना चुकवत नव्हती, त्यांच्या खुणेने चालत होती. डबी पहिल्यांदा थरथरली म्हणजे माझं चपलांचं कपाट, म्हणजे दमयंतीचं दार. दुसऱ्यांदा थरथरली म्हणजे अभयचं कपाट, आता निम्मी वाट झाली. तिसऱ्यांदा, भराभर, म्हणजे कांताचं पिंप. पिंपापासून दोन पावलं, डावा हात कठड्यावर, पाय खाली. तिच्या डोक्यात तेवढंच होतं सगळं. आम्ही ते उचलून गच्चीवर नेऊन ठेवलं.

"तुम्ही मला विचारायचं तरी, काकू," चैत्राली म्हणाली. रागावली नाही ती. रागावली असती तर मी भांडले असते.

अभयने लगेच सगळं खाली आणलं. कपाट आणलं, पिंप आणलं. आणि पिंप ठेवताना आमच्यात वाद लागला. कांता म्हणाली इथे, अभय म्हणाला नाही, एक लादी अलीकडे. मी म्हटलं, भिंतीला चिकटून होतं. कोणी म्हणालं, नाही, चार बोटं सोडून. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही त्या पिंपाजवळून जात होतो. ते नेमकं कुठल्या लादीवर होतं हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. जिला सांगता आलं असतं तिच्या पायात दुसऱ्या दिवशी सळई घालणार होते. आम्ही ते अंदाजाने ठेवलं.

दोन रात्री मला झोप नाही. सारखं एकच, शंतनूला वाटत असेल की आईला जमलं नाही. तीन महिने त्या बाईने घाम गाळला, आणि पोराच्या मनात काय राहणार, तर आई जिन्यावरून पडली. तिची चूक नव्हती रे बाबा! हे त्याला कळलंच पाहिजे. कोणीतरी सांगितलंच पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच.

मंगळवारी चार वाजता भेटायची वेळ. मी पेज घेऊन गेले. शंतनु वॉर्डच्या बाहेर बाकावर बसला होता, दाढी वाढलेली. मी बसले आणि सगळं भडाभडा ओकले. कपाट, पिंप, अनवाणी पाय, सगळं. म्हटलं, तिची काहीही चूक नाही. ती चालत होती, फर्स्टक्लास चालत होती. आम्ही मूर्खांनी तिच्या खुणा उचलल्या. मला काय म्हणायचं ते म्हण, पण तिला परत आण.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "आईने तर मला सांगितलं, चपलेचा पट्टा निसटला."

मी पेजेच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"नवी चप्पल होती, पट्टा सैल होता, पाय घसरला. डबीचा, सरावाचा काही संबंध नाही. कालच म्हणाली. मला पटलं होतं ते. म्हटलं ठीक आहे, अशी तर कोणीही पडतं. मी तिला म्हणालो पण होतो, पाय बरा झाला की दिवाळीनंतर परत एकदा बघू."

"मग बघ ना रे. मी तेच तर म्हणतेय."

"काकू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ होता की मला त्याहून एक थोबाडीत परवडली असती, "म्हणजे एक पिंप हललं की आई पडते. असंच ना? उद्या कोणाकडे लग्न निघालं, गॅलरीत खुर्च्या मांडल्या. कोणी सायकल लावली. कांतामावशींनी नवीन पिंप घेतलं. तुम्ही तिच्यावर जीव टाकता म्हणून तुम्ही हलवलंत. जे टाकत नाहीत ते विचारसुद्धा न करता हलवतील. मी कोणाकोणाला सांगू, काहीही हलवू नका म्हणून?"

मी म्हणाले, आम्ही शपथ घेतो, कोणी बोट लावणार नाही. बोलताना मलाच कळत होतं, काय बोलतेय मी. बाहेरगावचा पाहुणासुद्धा बॅग ठेवतो दाराबाहेर.

तो उठून आत गेला, मी मागोमाग. लतिका उताणी पडून होती. पावलं ओळखली तिने. "शंतनु. आणि दमी आलीय. पेजेचा वास आला."

शंतनु खुर्चीवर बसला आणि तिचा हात धरून म्हणाला, "आई, मला पिंपाचं का नाही सांगितलंस?"

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. बरोब्बर माझ्याकडे. "तू सांगितलंस?"

"अगो, तुझी चूक नव्हती," मी म्हटलं. "ते त्याला कळायला नको? तो समजत बसला असता तुला चालता येत नाही..."

"मी चपलेवर भागवलं होतं, दमे." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू. "डबी चालू होती, म्हणजे सामानच जागेवर नव्हतं, हे मला कळलं होतं. ऑपरेशनच्या आधी, स्ट्रेचरवर पडून ठरवलं होतं काय सांगायचं ते. जन्मात कधी खोटं बोलले नव्हते त्याच्याशी. आणि ते चाललंही होतं."

"मला काय माहीत गो..."

"तुला कसं माहीत असणार. मी सांगितलं नव्हतं." मग तिने विचारलं, "सांगून तुला बरं वाटलं?"

खोटं कशाला बोलू, वाटलं होतं. बाकावर बसून सगळं सांगून झालं तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. मी पेजेचा डबा उघडायला घेतला. ती समजली.

ती शंतनूकडे वळली. "कधी सोडणार म्हणाले?"

"शुक्रवारी. आई, इथूनच जाऊ खारघरला. तिकडे लिफ्ट आहे. चाळीचा जिना तुला आता..."

"इथूनच?"

"हो."

तिने मान हलवली. शब्द दिलेला होता. तिने वाद घातला असता तर मी तिच्या बाजूने अख्खं इस्पितळ डोक्यावर घेतलं असतं, पण तिने वाद घातला नाही. छताकडे तोंड करून ती पडून राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक मोठमोठ्याने बोलत होते, त्यांना कोणी गप्प करत नव्हतं.

मग म्हणाली, "दमे, कपाटाच्या डाव्या खणात माझे दोन गाऊन आहेत. आणि डोळ्यांचे थेंब. तेवढे आणून दे. बाकीचं शंतनु बघेल नंतर."

मी म्हटलं, थेंब आता कशाला गो.

"सवय आहे," ती म्हणाली, आणि पेज भरवायला मी चमचा पुढे केला तेव्हा तिने गुपचूप तोंड उघडलं.